नळाच्या दिवशी सर नव्हते

“पीएचपी लई मायाळू भाषा हाय म्याडम. कुणालाच न्हाई म्हणत न्हाई. तिथंच घात होतो.”

प्रोग्राम लिहायच्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी सरांनी मला हे ऐकवलं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं, जणू परीक्षेला येणार होतं. देगलूरहून बी.एस्सी. करून मी नुकतीच नांदेडला आले होते. वयानं मोठा माणूस काही बोलला की वही उघडायची, एवढंच मला ठाऊक होतं.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालकांना सगळे भाऊ म्हणत. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं असल्या गिऱ्हाइकांना लागणारी सॉफ्टवेअरं आम्ही पाच-सहाजण मिळून बनवायचो. सर आमच्यात सगळ्यात मोठे, पन्नाशी ओलांडलेले. पूर्वी कुठंतरी शिकवायचे म्हणून सर. कुठं, ते कुणी विचारलं नव्हतं. उंच, जरा पुढं झुकलेले. तीन बोटांनी टाइप करायचे आणि प्रोग्राममधले कंस मोजायचे ते कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. त्यांची आई देवणीत राहायची, पण तिचं माहेर पलीकडं कर्नाटकात. मोजायला तिनं शिकवलं होतं आणि सरांचं मोजणं त्या भाषेतून कधी बाहेर आलंच नाही.

ते सगळ्यांना ‘साहेब’ नाहीतर ‘म्याडम’ म्हणत. चहावाला साहेब, झाडायला येणाऱ्या मावशी म्याडम. मावशी आधी लाजायच्या. मग पदर सारखा करून “बोला सर” म्हणायला लागल्या.

नावांचं त्यांना वेड होतं. ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवलेली. पंख्याच्या बटणावर ‘पंखा, खिडकीकडचा’, माठावर ‘पिण्याचे’, आणि त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणावर, वाकून बघितलं तरच दिसेल अशी, ‘रिकामा’. नवा माणूस लागला की त्याला कोरा कागद देऊन स्वतःबद्दल दहा गोष्टी लिहायला लावायचे. मी नाव, गाव, शिक्षण असं लिहीत सातावर अडकले.

“पुढं काय लिहू सर?”

“जे हाय ते. नसंल तर रिकामं ठेवा. उगं भरायचं म्हणून भरू नका.”

पुढं एकदा मी तापानं फणफणत ऑफिसात आले. सरांनी कपाटातून तो कागद शोधून काढला, आठव्या ओळीत ‘आजारी असली तरी सांगत नाही’ असं लिहिलं आणि मला रिक्षात बसवून खोलीवर पाठवलं.

त्यांचा मोबाइल कधी वाजत नसे. एकदा भर दुपारी वाजला तर आम्ही सगळे माना वर करून बघायला लागलो. कसल्याशा कंपनीचा आधीच भरून ठेवलेला आवाज होता, नवी योजना सांगणारा. सरांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग “बरं, ठेवतो” म्हणून फोन खिशात घातला. कुणी हसलं नाही. हसायचं आमच्या मनात आलं होतं, पण ते ‘ठेवतो’ त्यांनी फार मनापासून म्हटलं होतं.

तर ती मायाळू भाषा. एका दुपारी त्यांनी मला समोर बसवून समजावलं.

“हे बघा म्याडम, प्रोग्राममधला पेशंट म्हणजे कप्प्यांचं कपाट समजा. नावाचा कप्पा, वयाचा कप्पा, रक्तगटाचा कप्पा. आता तुम्ही घाईत कप्प्याचं नाव चुकीचं लिहिलं. दुसऱ्या काही भाषा तिथंच ओरडत्यात. ही काय करती? त्या चुकीच्या नावाचा नवा कप्पा करती, त्यात वस्तू ठेवती आन् गप बसती. तुम्हाला वाटतं ठेवलं. खऱ्या कप्प्यात बघावं तर काही न्हाई.”

“मग काय करायचं?”

“दारात माणूस बसवायचा.”

तो माणूस म्हणजे पीएचपीतली एक मेथड, प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेलं एक ठरावीक काम. नावाच्या आधी दोन अंडरस्कोर, म्हणजे खालच्या आडव्या रेघा, आणि मग सेट. जो कप्पाच नाही, किंवा बाहेरच्यांसाठी ज्याला कुलूप आहे, त्यात कुणी काही ठेवायला गेलं की ती आपोआप चालते. कुठल्या नावाच्या कप्प्यात आणि काय ठेवायचंय, दोन्ही तिच्या हाती येतं. ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं, ते तिच्यात आपण लिहून ठेवायचं. पुस्तकात अशांना मॅजिक मेथड म्हणतात. सरांना तो शब्द आवडत नसे.

“जादू कशाची? कुणी हाक मारत न्हाई तरी टायमाला हजर ऱ्हाती. त्याला नोकरी म्हणत्यात.”

आमच्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पायात त्यांनी ही मेथड घातली होती. यादीत नसलेलं नाव आलं की काम जागच्या जागी थांबायचं आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटायची: ‘या नावाचा कप्पा नाही.’ मराठीतच लिहिलं होतं त्यांनी.

भाऊंना ती लाल अक्षरं खुपायची. एका डॉक्टरांना सॉफ्टवेअर दाखवताना नेमकी ती उमटली आणि भाऊ तणतणत परत आले.

“सर, बंद करा ते. गिऱ्हाईक समोर बसलंय आन् आपलं सॉफ्टवेअर न्हाई म्हणून राहिलंय.”

“चुकीला न्हाई म्हणून राहिलंय भाऊ.”

“म्हणू द्या की. पण आतल्या आत म्हणू द्या.”

सर दोन दिवस तोच प्रोग्राम उघडून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बदल केला. आता अनोळखी नाव आलं तर मेथड काम थांबवायची नाही. ते नाव एका फाइलमध्ये लिहायची आणि माणसाला पुढं जाऊ द्यायची. ती फाइल वाचायचं काम सरांनी स्वतःकडं घेतलं. ऑफिस साडेदहाला भरायचं, सर नऊला यायचे, फाइल वाचायचे आणि आमच्या चुका दुरुस्त करून ठेवायचे. आमच्या किती चुका अशा गुपचूप निस्तरल्या गेल्या, आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही आपले स्वतःला हुशार समजत होतो.

आठ-दहा दिवसांतून एकदा मात्र सर नसायचे. लातूरला जायचे. बायको तिकडं असते, असं कुणी म्हणायचं. मुलगी शिकायला आहे, असंही. एकदा मी मावसबहिणीच्या साखरपुड्याला निघाले तर त्याच बसमध्ये सर. मी शेजारी जाऊन बसले.

“लातूरला कोण असतं सर?”

“घर.”

“आणि घरी?”

“नळ,” ते म्हणाले. माझा चेहरा बघून मग त्यांनी नीट सांगितलं. लातूरला त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, आईसाठी. देवणीतल्या भाड्याच्या खोलीतून तिला तिथं आणायचं होतं. वास्तुशांतीच्या आधीच ती गेली. घर तसंच बंद राहिलं. लातूरला नळ येतो आठवड्या-दहा दिवसांनी. शेजारच्या काकू मोबाइलवर दोन शब्द पाठवायच्या, ‘उद्या नळ’, की हे निघायचे. टाकी भरायचे, फरशी पुसायचे, रात्रभर राहून परत यायचे.

“पण तिथं कुणी राहत नाही ना? मग पाणी कुणासाठी भरता?”

“मागचं असतं ते शेजारी देतो, झाडाला घालतो. नवीन भरून ठेवतो. नळ आला आन् दाराला कुलूप, हे बरं दिसत न्हाई.”

“भाड्यानं का देत नाही?”

“दिलं असतं म्याडम. पण मंग मी कुठं जायचं?”

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते.

एका खासगी दवाखान्यासाठी आम्ही केस पेपर छापायचं सॉफ्टवेअर केलं होतं. पेशंटला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे तेही त्यावर यावं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमच्यात वाटणी होऊन ते काम माझ्याकडं आलं, कुणी काय टाइप केलं ते भाऊ बघत नसत. अ‍ॅलर्जीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन एल आहेत. जिथून माहिती कपाटात जात होती तिथं मी एकच लिहिला. छापण्याच्या ठिकाणी दोन होते, ते बरोबर होते. म्हणजे नोंदणीच्या खिडकीवर पेशंटनं सांगितलेलं सगळं एका नसलेल्या कप्प्याकडं जात होतं आणि खरा कप्पा रिकामा राहत होता. कप्पा रिकामा असेल तर कागदावर ‘अ‍ॅलर्जी: नाही’ असं छापावं, हेही मीच लिहिलं होतं.

शुक्रवारी दुपारी एका पेशंटवर करून बघितलं. त्याला कसली अ‍ॅलर्जी नव्हतीच, त्यामुळं ‘नाही’ बरोबर दिसलं. भाऊ घाई करत होते. संध्याकाळी ते दवाखान्यात सुरू झालं. शनिवारी लातूरला नळ होता.

त्या शनिवारी मुदखेडकडची एक बाई तिथं आली. एक इंजेक्शन आपल्याला सोसत नाही, हे तिनं खिडकीवर नाव घेऊन सांगितलं होतं. कागदावर आलं ‘नाही’. नर्सनं कागद बघितला आणि इंजेक्शन दिलं. बाईचं तोंड सुजलं, श्वास कोंडला. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते म्हणून ती वाचली. पण तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती.

रविवारी सकाळी भाऊंनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. सर बस स्टँडवरून थेट आले, हातात पिशवी तशीच. त्यांनी कुणाला काही न विचारता फाइल उघडली. मी त्यांच्या मागं उभी होते. पडद्यावर एकाखाली एक तोच शब्द, एका एलचा. शुक्रवार संध्याकाळपासून आलेल्या प्रत्येक पेशंटची एक ओळ. मेथडनं तिचं काम चोख केलं होतं. वाचणारं कुणी नव्हतं.



“हे कुणी टाइप केलं?” भाऊंनी विचारलं. “डॉक्टरला मला नाव सांगायचंय. एक नाव पायजे.”

सर खुर्चीतून उठले. “मीच केलं.”

“तुम्ही?”

“फाइल बी माझीच हाय. बघायची जिम्मेदारी माझी. मी इथं न्हवतो.”

माझ्या तोंडात शब्द आले होते. ‘भाऊ, ते मी केलं.’ चार शब्द. मला ते दातांमागं जाणवत होते. वडील आठवले, ज्यांनी एका वर्षासाठी म्हणून मला नांदेडला सोडलं होतं. खोलीचं दार आठवलं, ज्याची किल्ली माझ्या एकटीकडं होती. मी गप्प राहिले. सरांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले.

भाऊंनी त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं. जाण्याआधी सरांनी पाच मिनिटं मागून घेतली. तीन बोटांनी टाइप केलं, कंस मोजले, आणि दारातला माणूस पुन्हा पहिल्यासारखा बसवला. “आता लाल अक्षरं येऊ द्या भाऊ,” म्हणाले आणि पिशवी घेऊन जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेले. त्या बाईला बघायचं होतं, तिच्या माणसांना काहीतरी सांगायचं होतं. वरच्या मजल्याच्या जिन्यावरच थांबले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर सर बसले होते. शेजारी त्या बाईचा नवरा, मांडीवर फडकं उघडून.

“कालपासनं बसलाव की. तुमचं कोण हाय आत?” तो सरांना विचारत होता.

“हाय एक ओळखीचं.”

“खा की मग. उपाशी बसून काय व्हतंय?” त्यानं अर्धी भाकरी सरांच्या हातावर ठेवली. सरांनी ती दोन्ही हातांत धरली आणि खाली मान घालून खाल्ली. मी आल्या पावली जिना उतरले.

बाई बरी होऊन घरी गेली, एवढं कळलं. सरांनी नांदेडची खोली सोडली, हेही कळलं. मी त्याच ऑफिसात आणखी दोन वर्षं काढली, मग दुसरीकडं, मग तिसरीकडं. लग्न केलं नाही. वडलांना कधी नीट कारण सांगता आलं नाही. भाड्याच्या खोल्या बदलत राहिले. स्पेलिंग आजही तीनदा तपासते.

गेल्या वर्षी लातूरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. पीएचपीच्या तासाला ती मेथड आली. मुलं पेंगत होती म्हणून मी दवाखान्याची गोष्ट सांगितली. ‘एका कंपनीत एकानं चूक केली’ अशी. सगळे जागे झाले. औश्याहून येऊन-जाऊन करणारी एक मुलगी तिसऱ्या बाकावरून म्हणाली, “म्याडम, मग त्या माणसाचं पुढं काय झालं?”

“काढून टाकलं त्याला.”

“ते हाव. पण पुढं?”

मी फळ्याकडं वळले आणि नुसतीच एक ओळ पुसली. त्या शहरात मला आठ महिने झाले होते. एवढ्या दिवसांत मी सरांचं घर शोधलं नव्हतं.

रविवारी निघाले. पत्ता नव्हता. जुन्या ऑफिसातल्या एकाला फक्त भाग आठवत होता. तिथल्या किराणा दुकानात विचारलं, “बंद घरात पाणी भरायला येणारे एक सर होते, त्यांचं घर कुठलं?” दुकानदार हसला. “आता बंद कुठंय? राहतेत की. त्या कढीपत्त्याच्या झाडाचं घर.”

सरांचे केस पूर्ण पांढरे झाले होते. मला फाटकात बघून ते क्षणभर थांबले आणि काल भेटल्यासारखे म्हणाले, “या म्याडम.”

आत एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसले. मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरले.

“सर, ती चूक माझी होती.”

“हाव.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“तुमची सवय माहीत न्हाई का मला? दोन सारखी अक्षरं शेजारी आली की तुम्ही एक खाता. कॉलेजचं स्पेलिंग बी तसंच लिहायच्या. रोज सकाळी मीच नीट करायचो.”

“मग सांगितलं का नाही?”

“भाऊनं तुमच्या वडलाला फोन लावला असता. दुसऱ्या दिवशी तुम्ही देगलूरात. मला काय, घर होतं.” ते जरा थांबले. “आन् ते समदं खोटं बी न्हवतं. भाऊच्या सांगण्यावरनं दारातला माणूस मीच उठवला होता. त्या बाईचं मी बी देणं लागतो.”

मी रडायला लागले. ते उठून आत गेले, पाण्याचा पेला घेऊन आले आणि माझ्यासमोर धरून उभे राहिले.

“एक सांगू का म्याडम? राग न्हाई आला कधी. पण तुम्ही येताल असं वाटलं होतं. लवकर.”

“सर…”

“पयले दोन वर्षं लई वाट बघितली. फाटक वाजलं की उठायचो. मंग सवय झाली.”

सरांनीच विषय बदलला, चहा टाकला. मी म्हटलं, पीएचपीच्या नव्या आवृत्तीत असा न सांगता कप्पा केला तर ती स्वतःच कुरकुर करते, पुढं तर होऊच देणार नाही म्हणे. सर कितीतरी दिवसांनी हसल्यासारखे हसले. हसणं त्यांच्याच ओळखीचं राहिलं नव्हतं, मध्येच खोकला आला.

“आली म्हणायची अक्कल तिला,” ते म्हणाले.

निघताना मी फाटकाशी वळले. “पुढच्या रविवारी येते सर.”

“या. पण येणार म्हणून सांगून नका जाऊ.”

“का?”

“सांगितलं की मी दिवसभर बसून ऱ्हातो. दुसरं काही सुचत न्हाई. आलात तर आलात.”

सोमवारी वर्गात गेल्यावर मी हजेरी घेतली नाही. त्या मुलीला उभं राहायला सांगितलं आणि म्हटलं, “तू विचारलंस ना, त्या माणसाचं पुढं काय झालं? चूक करणारी मी होते. ज्यांना काढलं ते वेगळेच होते.” मग सगळं सांगितलं, जिन्यावरून परत फिरले तेही. ती मुलगी शेवटपर्यंत उभीच होती. खाली बस म्हणायचं मला सुचलंच नाही.

पुढच्या रविवारी गेले. पुन्हा काहीच कळवलं नव्हतं. सरांना तिष्ठत बसायला लागू नये म्हणून जरा लवकरच, अकराच्या सुमारास पोचले. फाटक उघडं होतं, दारही उघडं. सर खुर्ची दाराकडं वळवून बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा, केस ओले करून बसवलेले. टेबलावर शेजारच्या घरून आणलेला दुसरा कप होता.

मला बघून ते उठले.

“तुम्ही टाइम सांगितला न्हवता ना,” ते म्हणाले, “म्हणून सातपासनं बसलोय.”